दवाचं वजन

२० मार्च, गुरुवार

ही वही सुमेधाची. पुढची लिहिलेली पानं तिनं टराटरा फाडली आन् उरलेली वही मला दिली. म्हणली, "आजी, दिवसभर तोंड चालू असतं तुझं. आता थोडा हात चालव." माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी दुसऱ्याच्या म्हशीमागं गेली. पण अक्षर जुळवता येतं. बँकेत कधी अंगठा लावला न्हाई, सही करते.

लिहायचे नियम पण तिनंच सांगितले. वर तारीख टाकायची. जे झालं ते लिहायचं, जे व्हावं वाटलं ते न्हाई. आन् खोडायचं बिलकुल न्हाई. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पुण्याला त्यांच्या प्रयोगशाळेत असंच लिहितात म्हणे. मी म्हणलं, मंग तू पानं कामून फाडलीस? तर म्हणली, "ती कच्ची होती."

तर झालं ते असं. माझी नात आली! परवा भर दुपारी परतूरच्या गाडीनं आष्टीत उतरली. पाठीवर एक पिशवी, डोळे खोल गेलेले. दरवेळेस आधी जालन्याला आईबापाकडं जाती आन् माझ्याकडं दोन दिवस तोंड दाखवायला येती. ह्या वेळेस सरळ माझ्याकडं. म्हणली, "बाबांना इतक्यात सांगू नको, मला आधी तुझ्याजवळ राहायचंय." बापाच्या आधी आजी! माझ्या भारतला वाईट वाटंल, वाटू दे. गुडघे ठणकत होते तरी नळावर दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळेस शेजारच्या तुळजाबाईच्या दारावरून, मुद्दाम.

२३ मार्च, रविवार

ऊन कडक झालं. अकरानंतर पत्र्याखाली बसवत न्हाई. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही करंगळीएवढं. अंग नुसतं आंबून जातं.

सुमेधा अकरा वाजेपर्यंत झोपती. मी उठवत न्हाई. अभ्यास करून करून दमली असंल. फोन उशीखाली घुरघुर करतो. काल मी म्हणलं, "घे ना बाई, कोण एवढं बोलवून राह्यलं?" तर म्हणली, "शीतल आहे, आमच्या प्रयोगशाळेतली. वाजू दे." मैत्रिणीशी भांडण झालं असंल. होतं.

तुळजाबाई आली होती. शेजारीण हाय, चाळीस वर्षांपासूनची. म्हणली, "परभाबाई, पोरगी अठ्ठावीसची झाली, अजून शिकतच हाय?" मी म्हणलं, "शिकत न्हाई, शोध लावती. वाच." आन् भिंतीकडं बोट केलं. जानेवारीत जालन्याच्या पेपरात बातमी आल्ती, "आष्टीच्या लेकीचा शोध परदेशी मासिकात". भारतनं ओळखीच्या बातमीदाराला सांगून छापून आणली. मी ते कात्रण आरशाजवळ खिळ्याला लावलं होतं. जो येईल त्याला दाखवायची, दूधवाल्याला सुद्धा दाखवलं.

बोट केलं तर तिथं नुसता खिळा! सुमेधाला विचारलं. म्हणली, ऊन लागून पिवळं पडत होतं म्हणून काढून ठेवलं. त्या भिंतीवर ऊन येत न्हाई. पण तिला काळजी किती बघा.

२६ मार्च, बुधवार

आज लई आनंदाची गोष्ट. वसंता आल्ता. हा माझ्या जावेचा पोरगा, जयंती कमिटीचा अध्यक्ष झाला यंदा. म्हणला, "काकू, चौदा एप्रिलला बुद्धविहारापुढं सुमेधाचा सत्कार ठेवायचा. शाल, पुस्तक, सन्मानचिन्ह. बॅनर टाकतो मोठं. आपल्या पोरापोरींना दिसलं पाहिजे, कुठपर्यंत जाता येतं ते."

सुमेधा आत होती. मीच हो म्हणलं. भाषण पण करंल म्हणलं. वसंता खूश होऊन गेला.

आत गेले तर ती तांदूळ निवडत बसल्ती. मी सांगितलं. "ऐकलं," म्हणली. मंग तासभर तांदूळच निवडत होती. काल आणलेले पिशवीतले तांदूळ, त्यात खडा सापडंना. लाजाळू हाय, बापावर गेली.

३० मार्च, रविवार

तिकडच्या गल्लीत गुढ्या उभारल्यात. आमच्याकडं आपलं येसर-आमटी, भाकर. जेवणं झाली आन् मी सुमेधाला विचारलंच, "तू नेमकं करतीस काय? मला लोक विचारतात. मी नुसतं उजेडाचं काहीतरी म्हणते."

ती आधी नको म्हणली. मंग आडवी होऊन छताकडं बघत सांगायला लागली. जसं कळलं तसं लिहिते.

उजेडाचे लई प्रकार. डोळ्याला दिसतो तो एक. चुलीजवळ बसलं की तोंडाला धग लागती, ती धग पण उजेडच, दिसत न्हाई इतकंच. मोबाइलच्या लहरी पण त्याच भावकीतल्या. ह्या दोघांच्या मधी एक उजेड हाय, त्याला टेराहर्ट्झ म्हणतात (हे नाव सुमेधानं तिच्या हातानं लिहिलं). तो उजेड ती झटक्यानं सोडती. एक झटका इतका आखूड, की आपण एकदा पापणी मिटली तर तेवढ्यात असे अब्जावधी होऊन जातील. पण जोर लई.

सोडती कशावर, तर काचेसारखा एक नखाएवढा तुकडा, त्याच्यावर एक थर. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढं गोधडी वाटंल इतका पातळ. हा थर गार करायचा, बर्फ त्याच्यापुढं चूल वाटंल इतका गार. मंग त्याच्यातले विजेचे कण, जे एरवी बाजारातल्या लोकांसारखे ज्याच्या त्याच्या वाटेनं पळतात, ते जोड्या जमवून सगळे एका पावलानं चालायला लागतात. अशा चिजेला क्वांटम पदार्थ म्हणतात.

आता त्याला हळू झटका दिला, की ज्या सुरात दिला त्याच सुरात उत्तर येतं. दुप्पट दिला की दुप्पट. सरळ व्यवहार. पण एका हद्दीच्या पलीकडं जोर लावला की हा सरळपणा मोडतो. मंग आतून तिप्पट उंच सूर निघतो, जो आपण दिलेलाच न्हाई. त्या सुरावरून आतली मंडळी एका पावलानं कशी चालतात ते ओळखायचं. हेच तिचं काम. पाच वर्षं.

मी म्हणलं, "हे तर तुळजाबाईचं झालं. हळू बोललं तर हळू उत्तर. जरा आवाज चढवला की एकाचे तीन."

सुमेधा उठून बसली आन् इतकी हसली, इतकी हसली! आली तेव्हापासून पहिल्यांदा. "अगदी बराबर आजी! सरांना सांगते, पहिल्या वर्षाच्या पोरांना असंच शिकवा म्हणून."

मला काय आनंद झाला. मंग हसता हसता थांबली. म्हणली, "पण आजी, तिच्या घरातून तीन आवाज आले, तर ते तुळजाबाईचेच कशावरून? तिच्या पाठीमागं भिंत पण असती."

"भिंत बोलती का कुठं?"

"हळू विचारलं तर न्हाई बोलत," म्हणली आन् तोंड धुवायला गेली. मला काही कळलं न्हाई.

२ एप्रिल, बुधवार

कूलर बंद पडला. गुडघा सुजला. दुसरं काही न्हाई.

४ एप्रिल, शुक्रवार

आज मी जास्तीचं बोलले का, कळत न्हाई. नियमाप्रमाणं जे झालं ते लिहिते.

जेवताना सुमेधा सांगत होती, की त्यांचं मशीन मोठ्या डब्यात बंद असतं आन् त्यात कोरडी हवा भरत राहावी लागती. हवेतला ओलावा हा उजेड खाऊन टाकतो म्हणे. मी म्हणलं, "ओलावा लई लबाड. मला विचार."

मंग सांगितलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाई, भिवाला सुद्धा न्हाई. (नवऱ्याचं नाव लिहिलं. आता कोण रागावतंय, जाऊन बारा वर्षं झाली.)

भारत तेव्हा पाळण्यात होता. केदारखेड्याकडं, माझ्या माहेरच्या बाजूला, कापूस वेचायला आमची पंधरा बायांची टोळी होती. ज्याचा कापूस त्याच्या बांधावर बाभळीला काटा टांगलेला. ज्या फडक्यात गाठोडं बांधायचं ते फडकं मुकादमानं पहिल्या दिवशी तोललं. सगळ्यांची एकाच ताग्यातली फडकी, पाऊण किलो भरलं. मंग दरवेळेस गाठोडं तोललं, की पाऊण किलो फडक्याचं वजा. त्यात कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

सासू पाळणा सांभाळायला बरोबर आल्ती, लई कडक. झुंजूमुंजू झालं की मला बाहेर काढायची. म्हणून मी सगळ्यांच्या आधी शेतात. दिवाळीनंतरचं दव, कापसाची पऱ्हाटी नुसती निथळायची. फडकं झाडांमधून ओढत न्यायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी सकाळचं पहिलं गाठोडं रिकामं केलं, फडकं उचललं, तर हाताला जड. न्हालेल्या लेकराचं दुपटं जड लागतं तसं. मी समजले. फडकं दव प्यालंय. दीड किलोच्या आसपास भरत असंल. वजा होतंय पाऊण, आन् वरचं सगळं पाणी माझ्या नावावर कापूस म्हणून चढतंय.

"मंग?" सुमेधानं विचारलं.

"मंग काय. मी मुद्दाम कधी भिजवलं न्हाई. पण कळल्यावर वाळवलं पण न्हाई."

हंगाम उलगला तेव्हा सगळ्यात जास्त वेचणारी बाई म्हणून माझं नाव पुकारलं. मालकानं सगळ्यांपुढं कळशी दिली. त्या कळशीतलंच पाणी तू लहानपणी प्यायलीस, असं मी हसत सांगितलं. खरी जास्त वेचणारी साळूबाई होती. तिला लेकरू पाजून यायला दहा वाजायचे, तोवर दव उडालेलं. तिचं फडकं कोरडं. तिचा दोन नंबर आला तरी तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, म्हणली, "परभे, तुझ्या हाताला वारं हाय गं."

मला वाटलं सुमेधा हसंल. ती हसली न्हाई. भाकर ताटात ठेवली आन् विचारलं, "फडकं परत का न्हाई तोललं कुणी? ओलं असताना?"

"एकदा तोललं होतं की. कोरडं होतं तेव्हा. मुकादमाला वाटलं, फडकं ते फडकं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. उष्णतेनं असंल म्हणून मी कैरीचं पन्हं दिलं. प्याली न्हाई. मला बराबर वाटंना. आपल्या आजीनं असं केलं म्हणून तिला वाईट वाटलं का? इतक्या वर्षांत तोंडातून निघालं न्हाई, आन् आज भाकरीबरोबर निघून गेलं.

५ एप्रिल, शनिवार

आज सुमेधा सहाला उठली! अंघोळ करून लिंबाखाली उभी राहून तिनं स्वतः शीतलला फोन लावला. मी चुलीजवळ होते, ऐकू येत होतं.

"शीतल, मी बोलते. हो, हो, शिव्या नंतर दे. एक काम कर. रिकामा तुकडा लाव. थर नसलेला, नुसता खालचा. हो. पूर्ण जोरावर... न्हाई गं, तेव्हा जुनं मशीन होतं, त्याला तेवढा जोरच नव्हता. तेव्हा गप्प बसला, म्हणून नव्या मशीनवर मी परत लावलाच न्हाई... कळतंय मला. तीन महिन्यांपासून कळतंय. हात होत नव्हता माझा... सरांना इतक्यात नको."

आत आली तर मी म्हणलं, "मिटलं का भांडण?" "कसलं भांडण?" म्हणली. पण चार दिवसांनी भाकर पुरी खाल्ली.

७ एप्रिल, सोमवार

वसंता बॅनरसाठी फोटो मागायला आल्ता. मी दिला, शाळेतल्या बक्षिसाचा. सुमेधा बाहेर गेल्ती. तिला सांगितलं न्हाई, चकित होऊ दे.

(वरचं लिहून झाल्यावर वाटतंय, विचारायला पाहिजे होतं. पण खोडायचं न्हाई.)

९ एप्रिल, बुधवार

आज अक्षर वाकडं येतंय.

दुपारी शीतलचा फोन आला. सुमेधा नुसतं "हं, हं" म्हणत होती. फोन ठेवला आन् भिंतीला टेकून बसली. म्हणली, "आजी, रिकामा तुकडा बोलतोय."

"तिप्पट सूर?"

"तोच. हळू मारलं तर गप्प. जोरात मारलं की तो पण बोलतो. मी जे छापायला दिलं, जे पेपरात आलं, त्यातलं किती त्या थराचं आन् किती नुसत्या तुकड्याचं, मला माहीत न्हाई. सगळंच तुकड्याचं असंल कदाचित. फडकं ओलं होतं, आजी."

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. कात्रण का काढलं, तांदूळ का निवडले, बापाला का सांगितलं न्हाई. मला वाटलं होतं माझ्या मायेनं आली. माया असंल, पण आली ती लपायला.

मी विचारलं, "कुणाकुणाला ठावं?"

"मला आन् शीतलला. जानेवारीत मासिकानं नुसतं घेतलं, छापील अंक ह्या महिन्यात निघंल. पुढच्या महिन्यात सर तेच घेऊन जपानला बोलायला चाललेत. माझी मुदत जूनमध्ये संपती. आता सांगितलं तर सगळं थांबंल. पदवी पण."

इथं मी जे बोलले ते लिहायची लाज वाटती. पण नियम. मी म्हणलं, "चौदा तारीख होऊ दे. पाच दिवसांचा सवाल हाय. शाल घे, मंग सांग सरांना. कुणाच्या बापाला कळतंय इथं, थर काय आन् तुकडा काय."

ती रागावली न्हाई. तेच जास्त लागलं. हळूच विचारलं, "साळूबाईला तू कधी सांगितलं, आजी?"

"सांगणार होते. पुढच्या हंगामात सांगू म्हणलं. पुढच्या हंगामाला ती नव्हतीच. कावीळ झाल्ती."

कूलर बंदच, पंखा कुरकुरत होता. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून कंप्युटर काढला. दोन तास लिहीत होती. चार ओळी लिहायची, तीन पुसायची. शेवटी मला वाचून दाखवलं, इंग्रजीतून मराठीत करून. "सर, रिकामा तुकडा पूर्ण जोरावर मी तपासला नव्हता. चूक माझी. आता तपासला, त्यातूनही तोच सूर येतो. मासिक थांबवावं. आधी सांगायला पाहिजे होतं, भीती वाटली." मी म्हणलं, भीती वाटली ते कामून लिहिती? म्हणली, "झालं ते लिहायचं."

पाच वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. मी घड्याळ बघितलं.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सरांचा फोन. सुमेधानं उभ्यानंच घेतला. सर काय बोलले ते तिनं नंतर सांगितलं. आधी म्हणले, "जानेवारीतच शंका होती, तर जानेवारीतच यायचं होतं माझ्याकडं." मंग म्हणले, मासिकवाल्यांना मी कळवतो. जपान रद्द. मुदत वाढून मिळंल का ते सांगता येत न्हाई, अर्ज कर. शेवटी म्हणले, चौदाला सुट्टी हाय, मशीनवर कुणी नसतं, तेरा-चौदा तुझे, येऊन रिकामा तुकडा मोज.

"शिव्या दिल्या का?" मी विचारलं.

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं," म्हणली.

दुपारी भारत आला जालन्याहून. तिनंच बोलवलं होतं. दारातच, "पेपरात छापून आलंय! आता मी स्टाफरूममध्ये काय सांगू?" जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर हाय, रोज पोरांची उत्तरं चूक-बराबर करतो. मी म्हणलं, "पोरांना चूक मान्य करायला सांगतोस ना? मंग हेच सांग." तो म्हणला, "आई, तू यात पडू नको." मंग जेवला, आन् जाताना सुमेधाच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

आज मी लई थकले. चालून न्हाई, काम करून न्हाई. असं थकणं नवीन हाय.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळच्या गाडीनं सुमेधा गेली. शेंगदाण्याची चटणी आन् सहा भाकरी बांधून दिल्या. गाडीत चढताना म्हणली, "आजी, सत्काराचं मी सांगून जाऊ का वसंताकाकाला?" मी म्हणलं, "मी होकार दिला, मीच निस्तरते."

तशीच फाट्यावरून विहाराकडं गेले. बॅनर लागलं होतं. दोन पुरुष उंच. आमची सुमेधा, दोन वेण्या घातलेली, आन् खाली लिहिलेलं "जगाला नवा शोध देणारी". वसंता शिडीवर होता. मी खालून म्हणलं, "उतर रे बाबा."

सगळं सांगितलं. मला जमलं तसं. तो कपाळाचा घाम पुसत राहिला. म्हणला, "काकू, आजूबाजूच्या चार गावांत सांगून बसलोय. आता काढलं तर लोक म्हणतील भांडणं झाली. एवढं बारीक कोण विचारतंय? ती न्हाई तर तुम्ही या, शाल तुम्ही घ्या. आजीचा सत्कार, कुणाला वाईट वाटंल?"

खोटं लिहीत न्हाई. एक क्षणभर मला बरं वाटलं. शाल कशी असंल ते पण डोळ्यापुढं आलं. मी येते म्हणलं आन् घरी आले.

१४ एप्रिल, सोमवार

पांढरं लुगडं नेसून सकाळी विहारात गेले. ध्वज झाला, वंदना झाली. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. वसंतानं माझं नाव पुकारलं, "थोर शास्त्रज्ञ सुमेधाच्या वतीनं त्यांच्या आजी". गुडघ्यावर हात ठेवून चार पायऱ्या चढले. शाल निळी होती, जाड, चांगल्या विणीची. वसंतानं ती अंगावर टाकायला उचलली, तेव्हा मी तिचं टोक धरलं.

मी म्हणलं, "थांब. मला बोलू दे."

माईक तोंडाशी आला तसं सगळं डोक्यातून गेलं. काय बोलले ते तुळजाबाईनं घरी येऊन परत सांगितलं म्हणून लिहू शकते. मी म्हणलं, "माझी नात आली न्हाई. ती पुण्याला काम करून राह्यली. पेपरात आलं होतं ते मोजण्यात चूक होती. चूक दुसऱ्या कुणी काढली न्हाई, तिनंच शोधली, तिनंच सरांना कळवली. काम अजून पुरं व्हायचंय. झालं तर सांगीन, न्हाई झालं तरी सांगीन. शाल तोवर कमिटीकडंच राहू द्या. आन् हो म्हणणारी मी होते, तिनं हो म्हणलंच नव्हतं."

मागून कुणीतरी विचारलं, "मंग टाळ्या वाजवायच्या का न्हाई?" काही जण हसले. समोर बसलेल्या पोरींमधून दोघी-तिघींनी वाजवल्या, बाकीच्या बघत राहिल्या. वसंतानं तोंड पाडून शालीची घडी घातली. मी उतरले. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

घरी येताना तुळजाबाई बरोबर होती. अर्ध्या वाटेपर्यंत बोलली न्हाई. तिला हे लई जड गेलं असंल. मंग म्हणली, "गप बसून शाल घेतली असती तर काय बिघडलं असतं गं? सगळ्या गावापुढं आपल्याच पोरीची..."

"तू मला पाणी दे," मी म्हणलं.

माझ्याच ओट्यावर बसलो. एक वाजला असंल, फोन आला. सुमेधा. मागं कसलीतरी घरघर चालू होती.

"आजी, झालं का तिकडचं?"

"झालं. शाल घेतली न्हाई."

मंग म्हणली, "आजी, ऐक. कालपासून नुसता रिकामा तुकडाच मोजून राह्यले. वेगवेगळ्या जोरावर, वेगवेगळ्या गारव्यावर. त्याचा सूर आता पाठ झाला. आज सकाळी थरवाला तुकडा लावला आन् त्यातून रिकाम्याचं वजा केलं."

"मंग?"

"थोडं उरतंय. लई बारीक. आन् थर गार असतो तेव्हाच उरतंय, तापवला की जातं. थराचं असंल. न्हाई तर आणखी कशाचं तरी, जे मी अजून तोललेलं न्हाई. महिनाभर मोजल्याशिवाय एक शब्द बोलता येत न्हाई. सरांना पण अजून सांगितलं न्हाई. तू कुणाला सांगू नको."

तिचा आवाज दमलेला होता. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईचा असतो तसा. चटणी संपली का विचारलं, तर अजून डबाच उघडला न्हाई म्हणली. मी रागावले. "उघडते," म्हणली आन् फोन ठेवला.

तुळजाबाई तांब्या हातात धरून तशीच बसल्ती, कान इकडं लावून. माझं तोंड बघून तिला वास लागलाच. चाळीस वर्षांची शेजारीण.

"काय म्हणली गं एवढा वेळ?"

माझ्या तोंडात आलंच होतं सगळं. गिळलं.

"जेवते म्हणली," मी सांगितलं.